शोभेचें घड्याळ

गेल्या महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. घर पुण्यांतील एका उंच इमारतीच्या नवव्या मजल्यावर. पतिपत्नी दोघेंहि सुशिक्षित व मिळवतीं. पाहुण्यांची सरबराई मनापासून चाललेली. दिवाणखान्यांत शिरतांच समोरच्या भिंतीला संगमरवरासारखी दिसणारी एक कमान व तिच्यावर फळी केलेली आढळली. थंड देशांतील घरांत जेथें शेकोटी असते, तसा हा देखावा होता. शेकोटी अर्थातच नव्हती; तिच्या जागीं विजेचे तांबडे दिवे लावले होते. फळीच्या मध्यभागीं निळ्या-हिरव्या मिनाकामाचें पितळी घड्याळ, त्याच्या दोन्ही अंगांस त्याच वाणाच्या दोन फुलदाण्या, आणि बाजूच्या कांचेच्या कपाटांत मिन्याच्या डब्या, तबकें, हत्ती, मोर असा परिवार मांडला होता. घड्याळांत सव्वासात वाजले होते. आम्ही पोंचलों तेव्हां दुपारचे बारा केव्हांच टळून गेले होते. पंगतीला किती अवकाश आहे हें पाहावें म्हणून आम्हीं सहज त्या घड्याळाकडे मान वळविली, तों कोपऱ्यांतील खुर्चीवर बसलेल्या यजमानांच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, “तें शोभेचें आहे हो. वेळ आंत स्वयंपाकघरांत बघा.”

आम्हीं यजमानांस घड्याळाविषयीं विचारलें. “अँटिक आहे, फ्रेंच. सजावट करणाऱ्यांनींच सगळा संच आणून दिला,” असें ते अभिमानानें म्हणाले. तें किती जुनें, कोणाच्या हातचें, पूर्वीं कोणाच्या घरीं होतें, चालत कां नाहीं, ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें. आणि तें नसल्याची खंतहि नव्हती. मग बोलतां बोलतां कळलें कीं, जुना वाडा सोडतांना त्यांच्या वडिलांचें लंबकाचें घड्याळ, तांब्याचा बंब, दोन घंगाळें आणि समयांची एक जोडी हें सारें वजनावर मोडींत गेलें. नव्या घरांत तें ‘बसत नव्हतें’.

हा दोष आमच्या एकट्या स्नेह्यांचा असता, तर त्यांच्या घरचें जेवून त्यांच्यावरच लेख लिहिण्याचा कृतघ्नपणा आम्हीं केला नसता. परंतु आज मुंबई-पुण्याकडच्या सुस्थितींतील घरांतून ही साथ इतकी पसरली आहे कीं, तिजविषयीं गप्प बसणें हाच मोठा अपराध होईल. जुनें तेवढें उकिरड्यावर टाकण्याची खोड आपल्याला पूर्वींचीच आहे. आतां दुसऱ्यांचें जुनें विकत आणून मांडण्याची खोड तिच्या जोडीला आली आहे. ह्या दोन खोडी परस्परविरुद्ध दिसतात खऱ्या, पण त्यांचें मूळ एकच. वस्तूशीं ओळख करून घेण्याचा कंटाळा, हें तें मूळ होय.

आमचें म्हणणें नीट समजावें म्हणून आधींच सांगतों कीं, आम्ही शोभेचे शत्रु नाहीं. चार भिंती आणि छप्पर एवढ्यानें मनुष्याचें घर होत नाहीं, हें आम्हांला ठाऊक आहे. मिनाकामाविषयीं तर आम्हांला विशेषच आदर आहे, आणि त्या आदरापोटींच हा वाद आम्ही मांडीत आहों. आमचा सिद्धान्त एवढाच कीं, जुनी वस्तु घरांत शोभते ती एक तर तिचा आपल्या घराशीं कांहीं संबंध असतो म्हणून, किंवा आपण प्रयत्नानें तो संबंध जोडतों म्हणून. नुसत्या पैशानें वस्तूची मालकी येते. संबंध येत नाहीं.

प्रथम, ज्याला आपण ‘शोभा’ म्हणून फळीवर चढवितों तो मिना आहे तरी काय, तें पाहूं. मिना म्हणजे रंगीत कांच. कांचेची पूड धातूच्या अंगावर बसवून ती भट्टींत सुमारें ७५० ते ८५० अंश उष्णतेंत वितळविली म्हणजे कांच धातूशीं कायमची जडते. कोबाल्टनें निळा रंग येतो, तांब्यानें हिरवा व पिरोजी, सोन्याच्या सूक्ष्म कणांनीं गुलाबी. हें काम करण्याच्या रीती अनेक. चिनी कारागीर तांब्याच्या भांड्यावर तांब्याची वा पितळेची पातळ तार वळवून वेलबुट्टी उभी करतो, तारांच्या मधल्या कप्प्यांत मिना भरतो आणि भांडें भट्टींत घालतो. भाजतांना कांच आकसते व कप्पा रिता दिसूं लागतो; मग पुन्हां भरणें, पुन्हां भाजणें. असें तीनचार वेळां झाल्यावर तें दगडानें व कोळशानें घासून गुळगुळीत करावयाचें आणि उघड्या पडलेल्या तारांवर सोन्याचा मुलामा द्यावयाचा. दुसऱ्या रीतींत तार नसते. धातूंतच खळगे कोरून त्यांत मिना भरतात. आपल्या जयपूरचें सोन्यावरील काम ह्या दुसऱ्या जातीचें. तेथें ज्या रंगाला अधिक आंच सोसते तो आधीं भरतात आणि जो नाजूक तो मागून. म्हणून त्यांतला सुप्रसिद्ध लाल रंग सर्वांच्या शेवटीं भट्टींत जातो. एका आंचेची चूक झाली तर मागच्या सर्व आंचा वायां.

घड्याळाच्या पांढऱ्या तबकडीचीहि कथा ऐकण्यासारखी आहे. ती जर मिन्याची असेल, तर तांब्याच्या पातळ चकतीला पुढून तसाच मागूनहि मिना दिलेला असतो. कारण एकाच अंगाला दिला तर थंड होतांना चकती वाकते. जी बाजू कोणाच्याहि दृष्टीस पडावयाची नाहीं, तिच्यावरहि कारागिराला तितकीच मेहनत करावी लागते. आम्ही विचारतों, हें एवढें जाणून घेतलेल्या मनुष्याला ती तबकडी पूर्वींसारखी नुसती ‘मॅचिंग’ म्हणून पाहतां येईल काय?

आतां त्या तिघांच्या संचाकडे वळूं. मध्यें घड्याळ आणि दोन बाजूंस दोन फुलदाण्या किंवा दीपदानें, ही जोडणी एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच घरांत पक्की रुळलेली होती. हिवाळ्यांत कुटुंब शेकोटीभोंवतीं बसे. म्हणून शेकोटीवरची फळी हें घराचें नाक, आणि म्हणून तेथें घड्याळ. फळीच्या मागें बहुधा मोठा आरसा असे, त्यामुळें वस्तूंची पाठहि दिसे. ह्या मांडणींत थंडी होती, कुटुंबाची बैठक होती, वेळ पाहण्याची गरज होती. तें सारें वगळून आमच्याकडे, जेथें वर्षांतून आठ महिने पंखा फिरत असतो, तेथें खोटी शेकोटी बांधून तिच्यावर न चालणारें घड्याळ बसवावयाचें! ह्याला अनुकरणहि म्हणवत नाहीं, कारण अनुकरण करणारा निदान मूळ पाहून तरी येतो. आमच्या जुन्या घरांत ह्या बैठकीच्या जागीं कांहींच नव्हतें असें थोडेंच आहे? देवघरापुढील समई, झोपाळ्याच्या पितळी कड्या, पानाचें तबक, ओसरीवरचें लंबकाचें घड्याळ आणि त्याला ठरल्या वारीं किल्ली देणारे आजोबा, ही आमची शेकोटी होती. ती विझविली आम्हींच.

येथें कोणी म्हणेल, कीं सौंदर्याला देशकाल नसतो. चीनची फुलदाणी पुण्यांत सुंदर दिसत असेल तर तिच्या कुळाची चौकशी कशाला? हा आक्षेप वरवर मोठा रसिकपणाचा दिसतो. परंतु ज्या वस्तूंविषयीं हा वाद आहे, त्यांचा इतिहास ऐकल्यावर तो टिकत नाहीं.

तारेच्या मिनाकामाची कला चीनमध्यें पश्चिमेकडून गेली. इ. स. १३८८ मध्यें त्साओ चाओ नांवाच्या चिनी रसिकानें जुन्या वस्तूंच्या परीक्षेवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत ह्या कामाला तो अरबांच्या देशाचें काम म्हणतो, आणि असली रंगीबेरंगी पात्रें अंतःपुरांत ठीक, साध्या अभिरुचीच्या विद्वानाच्या अभ्यासिकेंत तीं शोभणार नाहींत, असा अभिप्राय देतो. साठसत्तर वर्षांत चित्र पालटलें. मिंग घराण्यांतील जिंगताई राजाच्या काळांत, म्हणजे १४५० ते १४५७ मध्यें, ही कला अशी नांवारूपास आली कीं आजहि चिनी लोक तिला ‘जिंगताईचा निळा’ ह्याच अर्थाच्या नांवानें ओळखतात. परकी वस्तु त्यांनीं नुसती मांडून ठेविली नाहीं. ती पचविली, आणि आपल्या राजाचें नांव तिला दिलें.

घड्याळांची गोष्ट अशीच. अठराव्या शतकांत जेम्स कॉक्स ह्या लंडनच्या जवाहिऱ्यासारखे लोक चिनी दरबारासाठीं रत्नजडित, नाचत्या-गात्या बाहुल्यांचीं घड्याळें करून कँटनला धाडीत. कँटनचे कारागीर तीं पाहून शिकले व मिनाकामानें मढविलेलीं घड्याळें स्वतः करूं लागले. १७९३ सालीं इंग्रजांचा वकील मॅकार्टनी भेटी घेऊन गेला, तेव्हां बादशहाच्या महालांत असलीं यंत्रें आधींच इतकीं भरलेलीं होतीं कीं त्याला आपल्या भेटी फिक्या वाटल्या. पेकिंगच्या राजवाड्यांतील वस्तुसंग्रहालयांत आजहि एक हजाराहून अधिक घड्याळें आहेत.

मग १८६० साल उजाडलें. दुसऱ्या अफूच्या युद्धांत इंग्रज व फ्रेंच फौजा पेकिंगपर्यंत गेल्या आणि ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं युआन-मिंग-युआन हा बादशाही उद्यानमहाल लुटला. वाटाघाटीस गेलेल्या त्यांच्या कांहीं माणसांना चिन्यांनीं पकडून हाल करून मारलें होतें. त्याचा सूड म्हणून लॉर्ड एल्गिननें तो महाल जाळण्याचा हुकूम दिला. हाच एल्गिन पुढें १८६२ सालीं आमचा व्हाइसरॉय होऊन आला. त्या इंग्रजी फौजेंत पंजाबी व शीख पलटणीहि होत्या, हें आम्ही विसरूं नये. इंग्रजांनीं लुटीचा जागच्या जागीं लिलाव करून पैसे शिपायांत वांटले. फ्रेंचांनीं निवडक वस्तु आपल्या बादशहास व युजेनी राणीस अर्पण केल्या, आणि राणीनें १८६३ मध्यें फाँतेनब्लो येथील राजवाड्यांत त्यांचें एक चिनी दालन सजविलें. २०१५ सालीं चोरांनीं त्या दालनावर घाला घातला; गेलेल्या वस्तूंत चिनी मिनाकामाचा एक काल्पनिक प्राणीहि होता. लुटीची पुन्हां लूट झाली.

चीनचें उत्कृष्ट मिनाकाम पॅरिसच्या बाजारांत आणि प्रदर्शनांत झळकूं लागलें तें ह्या लुटीनंतर. फेर्दिनां बार्बदिएन व क्रिस्तोफ्ल ह्यांच्यासारख्या फ्रेंच कारखानदारांनीं त्या कामाचा अभ्यास केला आणि पौर्वात्य वळणाचीं मिनाकामाचीं पात्रें, फुलदाण्या व घड्याळें घडविलीं. आमच्या स्नेह्यांच्या फळीवरील तो संच खरा असो वा खोटा, तो ह्या वंशांतला आहे. अरबांकडून चीनला, चीनहून आगीच्या वाटेनें पॅरिसला, पॅरिसहून जगाच्या बाजारांत, आणि शेवटीं आमच्या खोट्या शेकोटीवर. जिच्या अंगावर इतका इतिहास आहे ती वस्तु भिंतीच्या रंगाशीं जुळते एवढ्याच कारणानें ठेवावयाची, ह्यापरीस तिचा अधिक अपमान कोणता? सौंदर्याला देशकाल नसेल. पण वस्तूला असतो.

ह्या प्रवासांत एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. ही कला ज्या ज्या देशांत गेली, तेथें कोणी तरी तिच्यापासून शिकलें. ह्याचें सर्वांत बोलकें उदाहरण जपानांत सांपडतें. ओवारी प्रांतांत, म्हणजे आजच्या नागोयाच्या परिसरांत, काजी त्सुनेकिची (१८०३–१८८३) नांवाचा एक मनुष्य होता. डच व्यापाऱ्यांच्या मार्फत आलेलें मिनाकामाचें एक पात्र त्याच्या हातीं पडलें. त्यानें तें कपाटांत ठेविलें नाहीं. तें मोडून, उकलून, तार कशी बसविली आहे व मिना कसा भरला आहे हें पाहिलें आणि स्वतः करून पाहण्यास लागला. त्या एका मोडलेल्या पात्रांतून जपानचा नवा मिनाउद्योग उभा राहिला. पुढें क्योतोचा नामिकावा यासुयुकी व तोक्योचा नामिकावा सोसुके हे दोन कारागीर इतके निष्णात झाले कीं १८९६ सालीं दोघांसहि बादशाही कलावंत ही पदवी मिळाली. आम्ही कोणालाहि आपली फुलदाणी फोडावयास सांगत नाहीं. पण काजीनें मोडलेल्या पात्राचा जो मान राखला, तो आमच्या शाबूत फुलदाण्यांच्या वांट्यास येत नाहीं, हें मात्र सांगणें भाग आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, ‘आम्ही ह्या वस्तु जतन करतों, आम्हीं घेतल्या नसत्या तर त्या नष्ट झाल्या असत्या.’ जतन! जुन्या फ्रेंच घड्याळांत दोन गोल पितळी पत्र्यांमध्यें बसविलेलें यंत्र असतें. एकदां किल्ली दिली कीं तें बहुधा आठ दिवस चालतें आणि तासाला व अर्ध्या तासाला घंटेवर ठोके देतें. ठोक्यांचा त्रास होतो, किल्ली देण्याचा कंटाळा येतो, दुरुस्त करणारा शोधावा लागतो. म्हणून तें यंत्र काढून टाकून तेथें बॅटरीवर चालणारी डबी बसविण्याची चाल पडली आहे. फुलदाणीच्या बुडाला भोंक पाडून तिचा विजेचा दिवा करतात. भोंक पाडतांना मिन्याला तडे जातात ते जातातच. कातडें राखून प्राण काढावयाचा आणि त्याला जतन म्हणावयाचें, हा न्याय पेंढा भरलेल्या वाघाचा झाला. ज्याला खरोखर जतन करावयाचें आहे, त्यानें आधीं घड्याळजी गांठावा. जुन्या यंत्रांचे जाणते घड्याळजी आज गल्लीबोळांतून एकेक करून दुकानें बंद करीत आहेत. शोभेवर लाखों रुपये उधळणाऱ्या आमच्या वर्गानें त्यांतला लहानसा अंश त्यांच्याकडे वळविला, तर वस्तूहि वांचतील आणि विद्याहि वांचेल.

तिसरा आक्षेप व्यवहारचतुर लोकांचा. ते म्हणतात, ‘ही गुंतवणूक आहे, जुन्या वस्तूंचा भाव वाढतच जातो.’ भाव वाढतो तो खऱ्या वस्तूचा. आणि खरी कोणती हें ओळखावयाला तीच ओळख लागते, जिचा ह्यांना कंटाळा. आज बाजारांत ‘मिना’ म्हणून जें खपतें त्यांतील पुष्कळसें मिना नसतेंच. पितळेवर ओतलेली रंगीत राळ असते, आणि ती कधीं भट्टींत गेलेलीच नसते. खरा मिना कांच आहे, म्हणून हाताला थंड व कठीण लागतो. आघात झाला तर कांचेसारखा टवका उडतो आणि खालचा धातु उघडा पडतो. राळ हातांत चटकन् ऊबदार होते, सुईच्या टोकानें खरवडली जाते. जुनें म्हणून विकलेल्या घड्याळाच्या पाठीमागचें झांकण उघडून पाहिलें आणि आंत बॅटरी दिसली, तर एक तर तें नवें आहे किंवा त्याचें पोट कोणीं तरी रिकामें केलें आहे. शिवाय वस्तु खरोखर शंभर वर्षांहून जुनी व ऐतिहासिक मोलाची असेल, तर १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा तिला लागूं होतो. असल्या वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं, आणि खासगी मनुष्याला ती देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. म्हणजे वस्तु खोटी असली तर पैसा बुडाला, आणि खरी असली तर जबाबदारी आली. ह्या दोहोंचाहि विचार न करतां संचच्या संच घेणाऱ्याला आम्ही व्यवहारचतुर म्हणणार नाहीं.

आमचें स्वतःचें अज्ञान झांकून दुसऱ्यास उपदेश करणें बरें नव्हे. आमच्या लिहिण्याच्या टेबलावर लग्नांत आहेर म्हणून आलेली एक मोरादाबादी पितळी फुलदाणी आहे. तिच्या नक्षींतील तांबड्या-हिरव्या रंगाला आम्ही वर्षानुवर्षें मिना समजत होतों आणि तसें पाहुण्यांस ठासून सांगतहि होतों. एके दिवशीं ती उन्हांत राहिली व रंग मऊ झाला, तेव्हां आम्हांला शोध लागला कीं ती लाख आहे. आमचा गर्व उतरला खरा. पण गंमत अशी कीं, त्या दिवसापासून ती फुलदाणी आम्हांला अधिक आवडूं लागली. पितळेवर नक्षी कोरून तींत तापलेली लाख भरण्याची तीहि एक स्वतंत्र कला आहे, हें कळल्यावर तिचें खोटें मोठेपण गेलें आणि खरें नांव मिळालें.

‘तर मग परक्या वस्तु घरांत आणूंच नयेत कीं काय?’ असें कोणी विचारील. आणाव्या. मुंबईच्या जुन्या पारशी घरांत चिनी फुलदाण्या आहेत, त्या तेथें परक्या वाटत नाहींत; कारण त्या घरांतील पूर्वज स्वतः चीनच्या व्यापारांत होते. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांनीं तरुणपणीं चीनच्या पांच सफरी केल्या. त्या व्यापारांत कापूस होता तशी अफूहि होती. फुलदाणीबरोबर ही आठवणहि घरांत आली, आणि ती दडवूं नये. सर रतन टाटा ह्यांनीं जमविलेल्या कलावस्तु मुंबईच्या वस्तुसंग्रहालयास मिळाल्या, आणि आज तेथें कोणीहि जाऊन चिनी-जपानी काम डोळे भरून पाहूं शकतो. संग्रह करणाऱ्याला ओळख असली म्हणजे त्याची आवड शेवटीं सर्वांच्या उपयोगी पडते, ती अशी.

आणि घरच्या वस्तूंचें मोल पाहावयाचें असेल, तर पुण्यांतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जावें. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजे मराठी वाचकांचे कवि अज्ञातवासी, ह्यांनीं आपल्या अकालीं गेलेल्या मुलाच्या नांवानें वीस हजारांहून अधिक वस्तु जमविल्या. त्यांत काय आहे? अडकित्ते, दिवे, कुलुपें, फण्या, दौती, स्वयंपाकाचीं भांडीं. आपण ज्या वस्तु किलोच्या भावानें मोडींत घालतों, त्या ह्या मनुष्यानें गांवोगांव हिंडून दारोदार मागून आणल्या. त्या संग्रहालयांत तिकीट काढून ‘काय सुंदर कारागिरी!’ म्हणावयाचें, आणि घरीं येऊन आजीचा अडकित्ता भंगारवाल्यास द्यावयाचा, हें आमच्या वर्गाचें ढोंग आहे. ह्याहून सौम्य शब्द आम्हांला सांपडत नाहीं.

चालतें घड्याळ काय करूं शकतें, हें हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयांत दिसतें. तेथें अमोल मूर्ति, चित्रें, हस्तिदंती काम ह्यांचीं दालनें आहेत. तरी तास भरत आला कीं लोक तीं सोडून एका जुन्या घड्याळापुढें जमतात. लहान मुलें खांद्यावर घेऊन बाप उभे राहतात. वेळ भरते, घड्याळांतील दार उघडून एक इवलासा मनुष्य बाहेर येतो, ठोके देतो आणि परत आंत जातो. एवढ्यासाठीं परक्या देशांत घडलेल्या त्या यंत्रापुढें आमचीं खेड्यापाड्यांतलीं माणसें जिवाचे कान करून उभीं असतात. तें घड्याळ बंद पडूं दिलें असतें, तर त्याच्यासमोर कोण थांबलें असतें? आमच्या फळ्यांवरील घड्याळांसमोर कोण थांबतें?

तात्पर्य, घर सजवूं पाहणाऱ्या वाचकांस आमची विनंति थोडकीच आहे. दहा अनोळखी वस्तूंपेक्षां ओळखीची एक आणा. ती विकणाऱ्याला, ती कोठून आली, कशी केली आणि खरी कशावरून, हे तीन प्रश्न विचारा, आणि ‘अँटिक आहे’ हें उत्तर समजूं नका. घड्याळ घ्याल तर चालतें घ्या किंवा चालतें करा. फुलदाणी घ्याल तर वर्षांतून चार दिवस तरी तिच्यापुढें बसा. आणि बाजारांत जाण्यापूर्वीं आपल्याच घराच्या माळ्यावर चढा. तेथें जें सांपडेल तें कदाचित् मिन्याचें नसेल, त्याला कोणी फ्रेंच म्हणणार नाहीं. पण त्याचें नांवगांव सांगणारें एखादें माणूस अजून घरांत बसलेलें असेल. तें माणूस गेल्यावर ती माहिती कोणत्याहि बाजारांत मिळणार नाहीं.

आमच्या स्नेह्यांच्या मातोश्रींना त्यांच्या यजमानांचें घड्याळ कोणत्या सालचें, किती रुपयांचें, आणि कोणत्या प्रसंगीं घेतलें, हें सारें तोंडपाठ होतें. पंगतीनंतर त्यांनीं तें आम्हांला सांगितलें. तें ऐकावयाला त्या वेळीं त्यांच्या घरचें कोणी जवळ नव्हतें. सर्व मंडळी नव्या फळीसमोर उभी राहून छायाचित्रें काढीत होती. किल्ली मात्र बाईंनीं मोडींत जाऊं दिली नव्हती. ती त्यांच्या कनवटीला होती.

वाचकहो, तुमच्या घरांत बंद पडलेलें एखादें घड्याळ असेल, तर त्याची किल्ली कोणापाशीं आहे एवढें तरी आज संध्याकाळीं विचारून पाहा.